चंद्रकांत मण्याची पारख

चंद्रकिरणांचा स्पर्श होताच पाझरणारा म्हणून संस्कृत कवींनी ज्याचे कौतुक केले, तो चंद्रकांत मणी काव्यातून काढून जवाहिऱ्याच्या हाती दिला, तर त्याचे मोल मुख्यतः दगड हलवताच त्याच्या अंतर्भागात तरंगत जाणाऱ्या आभेवर मुक्रर होते. हा मणी फेल्डस्पार वर्गातील असून, त्यात ऑर्थोक्लेज आणि अल्बाइट या दोन खनिजांचे अतिसूक्ष्म थर एकाआड एक रचलेले असतात, व त्या थरांवर प्रकाश विखुरल्याने ही आभा उत्पन्न होते. थर जितके पातळ, तितकी ती निळी, आणि जाड झाले की नुसती पांढुरकी. श्रीलंकेतील मीटियागोडा येथील खाणींची कीर्ती या निळाईमुळेच झाली. निळी आभा, काचेसारखे पारदर्शक अंग आणि मोठा आकार ही तिन्ही एकत्र क्वचितच लाभत असल्याने अशा जिनसाचा दर साहजिकच चढा राहतो. उलट, आत गोमेच्या आकृतीसारख्या भेगा दिसू लागल्या की तो उतरतो.

घडणावळीचे महत्त्वही थोडके नाही. घुमटाकार घडवताना थर तळाशी समांतर राखले, तरच आभा माथ्यावर येते. वजन वाचवण्याच्या लोभाने कारागिराने दगड तिरका धरला, तर ती एका कडेला सरकते, आणि असा मणी वजनाने भारी असला तरी माझ्या मते घेऊ नये. बाजारात ‘इंद्रधनुषी’ म्हणून विकला जाणारा मणी वस्तुतः लॅब्राडोराइट होय. काठिण्य अवघे 6 ते 6.5 आणि आघाताने दुभंगण्याची प्रवृत्ती, या सबबी अंगठीपेक्षा पदकातच चंद्रकांत अधिक टिकतो.