फ्लूची लस : मुलाला द्यावी की न द्यावी?

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली, वह्या-दप्तरांची खरेदी सुरू झाली, की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाकीच्या लशी झाल्यात. ही फ्लूची तेवढी राहिलीय. ती द्यायलाच पाहिजे का?" त्या 'च'मध्ये पालकांची सगळी अडचण आलेली असते. गोवराच्या किंवा पोलिओच्या लशीबद्दल असे कोणी विचारत नाही. त्या लशी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि नर्सताई घरी बोलवायला येतात. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खाजगी दवाखान्यात तिच्या एका डोसाला दीड-दोन हजार रुपये पडतात, ती दर वर्षी घ्यावी लागते, आणि एवढे करून मूल पावसाळ्यात शिंकते ते शिंकतेच! तेव्हा पालकांनी विचारणे अगदी रास्त आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे नाक गळू लागले की 'फ्लू झाला' म्हणायची पद्धत पडली आहे. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होते. ते घडवून आणणारे विषाणू अनेक प्रकारचे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा फ्लूशी काही संबंध नाही. खरा फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. तो एकदम येतो. सकाळी खेळणारे मूल दुपारी १०२-१०३ तापाने फणफणते, अंग दुखते म्हणून रडते, कोरडा खोकला सुरू होतो, लहानग्यांना उलट्या-जुलाबही होतात. ताप तीन-चार दिवस राहतो, खोकला आठ-पंधरा दिवस रेंगाळतो. फ्लूची लस फक्त ह्या दुखण्यासाठी आहे, सर्दीसाठी नाही. हे आधी कोणी सांगितलेले नसते, म्हणून पहिल्याच सर्दीला "पैसे पाण्यात गेले" असे वाटते आणि दुसऱ्या वर्षी लस बंद होते.

ह्या विषाणूला साधे समजू नये. १९१८ साली तो मुंबई बंदरातून देशात शिरला आणि काही महिन्यांत त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मानमोडी'ची साथ येत असे ती हीच. अलीकडची आठवण २००९ची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'स्वाईन फ्लू'ने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. शाळा बंद झाल्या, तपासणीसाठी नायडू रुग्णालयात रांगा लागल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. तो एच१एन१ विषाणू पुढे कोठे गेला नाही. दर वर्षी येणाऱ्या फ्लूच्या जातींत तो सामील झाला आणि आजच्या नेहमीच्या लशीत त्याचाही समावेश असतो. 'स्वाईन फ्लूची वेगळी लस' मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांखालच्या मुलांना फ्लू अधिक जड जातो. त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात, थोडी सूज आली तरी धाप लागते. शिवाय ह्या विषाणूशी त्यांची आधी गाठ पडलेली नसते. फ्लूने श्वसनमार्गाचे आतले अस्तर सोलवटून काढले की मागून जंतू शिरतात आणि कान फुटतो किंवा न्यूमोनिया होतो. संशोधकांच्या अंदाजानुसार २०१८ ह्या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे ८ लाख ७० हजार मुलांना फ्लूच्या श्वसनविकारामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि सुमारे ३४,८०० पर्यंत मुले दगावली. रुग्णालयातील मृत्यूंपैकी बहुसंख्य आपल्यासारख्या गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : फ्लू झालेली बहुसंख्य मुले आठवडाभरात घरीच बरी होतात. ही दोन्ही विधाने खरी आहेत. घाबरवून लस टोचणे मला पसंत नाही आणि "काही होत नाही हो" म्हणून वाटेला लावणेही पसंत नाही.

आता लशीच्या गुणाबद्दल. विषाणूच्या जातींशी लस चांगली जुळली, तर फ्लूने डॉक्टरकडे जावे लागण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. हरियाणातल्या बल्लभगड भागातील खेड्यांत दिल्लीच्या 'एम्स'मधील व अमेरिकेतील संशोधकांनी २००९ पासून तीन वर्षे सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या मुलांना लशी दिल्या, काही मुलांना फ्लूची आणि तुलनेसाठी काहींना पोलिओची इंजेक्शनची. फ्लूच्या लशीचे संरक्षण पहिल्या वर्षी सुमारे २५ टक्के निघाले, दुसऱ्या वर्षी ४१ आणि तिसऱ्या वर्षी ७४. पहिल्या वर्षी नवा एच१एन१ सगळीकडे पसरला होता आणि त्या हंगामाच्या नेहमीच्या लशीत तो नव्हताच. म्हणजे लस तीच, गावे तीच, पण वर्षावर्षात एवढा फरक! 'शंभर टक्के खात्री' देणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पण आईबापांना खरी धास्ती शिंकेची नसते, अतिदक्षता विभागाची असते. तेथे लशीचे पारडे जड आहे. अमेरिकेत २०१० ते २०१४ ह्या काळात फ्लूने दगावलेल्या मुलांची तपासणी झाली. लस घेतलेल्या एरवी निरोगी मुलांत मृत्यूचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी, तर आधीपासून आजारी असलेल्या मुलांत ५१ टक्क्यांनी कमी आढळला. लस घेऊन फ्लू झाला तरी तो बहुधा दवाखान्याच्या बाकड्यावरून घरी परततो, खाटेपर्यंत जात नाही.

"मग एकदाच का देत नाही?" हा पुढचा प्रश्न. फ्लूचा विषाणू बहुरूप्यासारखा आहे. गेल्या वर्षी पोलीस होऊन आला, यंदा गोसावी होऊन येईल. त्याला ओळखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा वर्षभर नमुने तपासत असतात. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यात आहे. त्यावरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत पृथ्वीच्या उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणत्या जाती घालायच्या ते ठरवते. शिवाय शरीरात तयार झालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरू लागते. म्हणून दर वर्षी.

आता पैशांची गोष्ट, कारण ती टाळून ह्या विषयावर लिहिणे म्हणजे केवळ उपदेश. गेल्या हंगामात एक किराणा दुकानदार आपल्या पत्नीसह आले. मोठा मुलगा चार वर्षांचा, बाळदम्याचा. पावसाळ्यात दोन वेळा त्याला दाखल करावे लागलेले. धाकटी चौदा महिन्यांची, अंगाने चांगली. घरात आजी, त्यांना मधुमेह. पहिल्यांदा लस घेणाऱ्या लहान मुलाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे दोन मुलांचे चार डोस. त्यांनी माझ्यासमोरच हिशेब केला आणि म्हणाले, "साहेब, सहा-सात हजार होतायत. एकालाच दिली तर चालेल का? कोणाला देऊ?"

आईने लगेच धाकटीकडे पाहिले. सर्वांत लहान ती, तेव्हा जपायचे तिलाच, हे साहजिक होते. मी मोठ्याचे नाव घेतले. दम्याच्या मुलाला फ्लू झाला तर त्याची धाप किती वाढते हे त्या घराने पाहिले होते, आणि बालवाडीतून आजार घरी आणणारा तोच. कॅनडातील हटराइट पंथाच्या वस्त्यांत २००८-०९ मध्ये केवळ मुलांना लस दिली, तेव्हा लस न घेतलेल्या बाकीच्या मंडळींतही फ्लू सुमारे ६१ टक्क्यांनी कमी झाला होता. वस्तीतल्या बहुतेक मुलांना लस मिळाली होती, तेव्हा एका घरातल्या एका मुलाकडून तेवढ्याची अपेक्षा करू नये. पण थोडा आडोसा मिळतोच. अखेर मोठ्याचा पहिला डोस एप्रिलमध्ये दिला, त्याचा दुसरा व धाकटीचा पहिला मेमध्ये, आणि धाकटीचा दुसरा जूनच्या मध्यावर. तीन महिन्यांत वाटून घेतल्याने खर्च पेलला. पुढच्या वर्षापासून प्रत्येकी एकच डोस.

आजींना मी उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करायला सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गरोदर स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी ही लस मोफत देण्यास सुरुवात केली होती. साठा कधी असतो, कधी नसतो. विचारायला पैसे पडत नाहीत.

आजींचे म्हणणे मात्र वेगळे होते. "डॉक्टर, शेजारच्या पोराला लस दिली आन् त्या लशीनंच त्याला फ्लू झाला म्हणं." मी म्हटले, "आजी, ह्या इंजेक्शनात मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. मेलेला विंचू डंख मारत नाही." टोचल्या जागी दुखते, एखाद-दोन दिवस बारीक ताप येतो, मूल किरकिर करते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेवढ्यात खरा फ्लू किंवा दुसरी सर्दी गाठू शकते आणि बोल लशीला लागतो. बहुतेक फ्लूच्या लशी कोंबडीच्या अंड्यांत बनवतात, म्हणून अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना पूर्वी ती देत नसत. आता तसे बंधन राहिलेले नाही, पण डॉक्टरांना सांगून ठेवावे. पूर्वीच्या फ्लूच्या लशीनेच जोराची ॲलर्जी आली असेल, तर मात्र पुन्हा घेऊ नये. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलण्याचे कारण नाही, चांगला ताप असेल तर थांबावे.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व मुलांना दर वर्षी ही लस द्यावी अशी आहे. ती मला मान्य आहे, पण महिन्याच्या पगारात किंवा हंगामाच्या उत्पन्नात भागवणाऱ्या घराला मी सरसकट तेवढेच सांगून मोकळा होत नाही. मूल दोन वर्षांखालचे असेल, किंवा त्याला दमा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा वा मेंदूचा आजार असेल, तर दुसरा एखादा खर्च मागे टाकून लस द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. अशा आजारी मुलांना पाच वर्षांनंतरही द्यावी. मूल तीन-चार वर्षांचे, धडधाकट आणि पैशांची सोय आहे, तर जरूर द्यावी. सोय नसेल तर कर्ज काढू नये आणि मनाला लावूनही घेऊ नये. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याचे संरक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीतून होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

ज्यांना फ्लूची लस परवडत नाही त्यांनी मोफत लशींचे कार्ड आधी पाहावे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आली आहे. ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशी तीन वेळा देतात. पेंटाव्हॅलंट लशीत 'हिब' जंतूवरचे औषध आहे. फ्लूच्या मागून येऊन न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूंपैकी दोन मोठे शत्रू ह्या लशी अडवतात. दोन हजारांची लस विचारणाऱ्या घरातल्या कार्डावर नऊ महिन्यांची फुकटची लस राहून गेलेली मी अनेकदा पाहतो.

आणि लस दिलेली असो वा नसो, तापाच्या मुलाचा श्वास मोजायला आईने शिकावे. मूल शांत असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, पोट उडू लागले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले, मूल पाणी-दूध घेईना किंवा गुंगीत राहिले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला की मोजत बसू नये, थेट न्यावे. तापाला पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. फ्लूमध्ये त्याने यकृत व मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

लस द्यायची ठरली, तर आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो हे लक्षात घेऊन एप्रिल-मेमध्ये द्यावी. दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्चच्या सुमारास येते, तेव्हा पावसाळा चुकला म्हणून वर्ष सोडून देण्याचे कारण नाही. खोक्यावर 'साउदर्न हेमिस्फिअर' किंवा 'नॉर्दर्न हेमिस्फिअर' आणि वर्ष छापलेले असते. पावसाळ्याआधी घेताना चालू वर्षाची साउदर्न मागावी. मागच्या वर्षाची उरलेली घेऊ नये. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते, आणि आपल्या गावी वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. दुकानातून विकत घेऊन पिशवीत घालून दवाखान्यापर्यंत आणण्यापेक्षा जेथे टोचायची तेथल्याच फ्रीजमधली घ्यावी, आणि वीज गेली तर काय व्यवस्था आहे हे विचारावे. पहिल्या डोसाच्या दिवशीच दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. पहिल्या वर्षी एकच डोस घेऊन थांबलेल्या लहान मुलाला पुरते संरक्षण मिळत नाही.