भिंग नितळ कसे राहते?

शहापूर-मुरबाडकडच्या घरांत तांदूळ निवडायला आजी नातीला हाक मारते. तिला खडे दिसेनासे झालेले असतात. ‘मोतीबिंदू पिकला’ असे आपण म्हणतो. पिकला म्हणजे काय झाले?

बाहुलीमागच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर प्रकाश अडला असता. त्याचे पोषण पुढच्या पाण्यासारख्या द्रवातून होते. या द्रवात क जीवनसत्त्व रक्ताच्या कितीतरी पट असते. शिवाय भिंगाच्या पेशी ग्लुटाथायोन हे संयुग स्वतः बनवतात. ऊन व ऑक्सिजन यांमुळे तयार होणाऱ्या घातक रेणूंना ही दोन संयुगे आधी गाठतात. स्वतःचे ऑक्सिडीकरण होऊ देतात, पण प्रथिने वाचवतात. खर्ची पडलेले ग्लुटाथायोन एक विकर पुन्हा पूर्ववत करते. त्यासाठी लागणारी सामग्री ग्लुकोजपासून मिळते.

अडचण गाभ्यात आहे. तिथल्या पेशी आपल्या जन्माआधीच्या. त्यांत केंद्रक नाही, नवी प्रथिने बनत नाहीत. उतारवयात ग्लुटाथायोनही तिथे कमी पोहोचते. मग प्रथिनांतील गंधकाचे अणू एकमेकांशी जोडले जातात, गुठळ्या होतात आणि प्रकाश विखुरतो. अंड्याचा पांढरा भाग वर्गात तापवून दाखवा: तिथे कारण उष्णता असते, पण पारदर्शक प्रथिन अपारदर्शक होते ते असेच.

धूम्रपान आणि चुलीचा धूर हा धोका वाढवतात. एकदा गढूळ झालेले भिंग मात्र आवळ्याने वा थेंबांनी निवळत नाही. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दिसू लागते. ‘वयच झाले’ म्हणून आजी गप्प बसते. हा निरोप तिच्यापर्यंत तुमचे विद्यार्थीच नेतील.