रिसायटल म्हणजे एकट्याची मैफल नव्हे

मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकांवर ‘व्होकल रिसायटल’, ‘सितार रिसायटल’ हे शब्द सर्रास छापलेले दिसतात. रिसायटलमध्ये कलावंत एकटा असतो, तो सगळं पाठ सादर करतो आणि कार्यक्रम लहानशाच जागेत होतो, अशी या शब्दाविषयीची समजूत आहे. मग तबला-पेटीच्या साथीनं रंगणाऱ्या गाण्याला तो लावणं चूक, असा आक्षेपही घेतला जातो. शब्दाचा इतिहास पाहिला तर यातलं काहीच टिकत नाही. कार्यक्रमाचा संबंध भार मुख्यतः एका कलावंतानं उचलणं, एवढाच रिसायटलचा गाभा आहे. बाकीचे संकेत त्याला मागाहून चिकटले आहेत.

संगीतातला हा वापर दोनशे वर्षांचाही नाही. त्याआधी इंग्रजीत ‘रिसायटल’ म्हणजे एखादी हकिगत किंवा तपशील सांगणं. करारपत्राच्या सुरुवातीला व्यवहाराची पार्श्वभूमी सांगणाऱ्या कलमांना वकील आजही रिसायटल्सच म्हणतात. ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोवर स्क्वेअर रूम्समध्ये फ्रान्झ लिस्तच्या पियानोवादनाची जाहिरात ‘रिसायटल्स’ या नावानं झाली. शब्द सुचवला होता फ्रेडरिक बील या प्रकाशकानं, आणि पियानोवर कथन कसं करणार, असा प्रश्न तेव्हा लंडनकरांनाच पडला होता. त्या काळचा रिवाज मिश्र कार्यक्रमांचा होता. १७ मार्च १८३० रोजी वॉर्सात शोपाँनं स्वतःचा कॉन्सेर्टो वाजवला, तेव्हा पहिला भाग संपल्यावर मध्येच दुसऱ्याच संगीतकाराची हॉर्नवरची रचना झाली आणि मग उरलेले भाग. (कॉन्सेर्टो ही रचना आणि कॉन्सर्ट हा कार्यक्रम, मराठी लेखनात यांची अनेकदा गल्लत होते.) संबंध संध्याकाळ एकट्यानं पेलण्याचा प्रयोग लिस्तनं १८३९ मध्ये रोममध्ये केला होता. म्हणजे प्रकार आधी आला आणि नाव पुढच्या वर्षी. लंडनमध्ये तर दोन रचनांच्या मध्ये तो मंचावरून खाली उतरायचा, बाकांमधून फिरत ओळखीच्यांशी गप्पा मारायचा. रिसायटल म्हटलं की जी कडक शिस्त आपल्या डोळ्यांसमोर येते, ती जन्माच्या वेळी नव्हतीच.

तरीही लिस्त एकटाच वाजवत होता, मग एकटेपणा हाच मूळ अर्थ नाही का, असं कुणी विचारील. पियानोपुरतं ते खरं आहे, कारण त्या वाद्यावर सूर आणि साथ दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतात. व्हायोलिन किंवा गाण्याच्या रिसायटलमध्ये मात्र पियानोची साथ बहुधा असतेच. शूबर्टच्या ‘डी श्योने म्युलरिन’ या गीतमालेचं पहिलं संपूर्ण जाहीर गायन युलियस श्टॉकहाउझेन यांनी १८५६ मध्ये व्हिएन्नात केलं. त्यातला पियानो नुसता आधाराला नाही. गाण्यांतल्या ओढ्याचं पाणी सतत वाहतं ठेवण्याचं काम त्याच्याकडे आहे. तो वगळला तर ती गाणी अर्धीही उरत नाहीत. आपल्याकडे ‘स्वतंत्र तबलावादन’ म्हणतात, त्यातही पेटी किंवा सारंगीवर कुणीतरी लेहरा धरून बसलेलं असतं. तीनतालात सोळा मात्रांची तीच ओळ तासभर, लय न ढळू देता वाजवायची. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तो त्या लेहऱ्याच्या भरवशावर. ‘स्वतंत्र’ म्हणूनही तिथे मंचावर दोघे असतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

पाठांतराचं म्हणाल, तर ज्या लॅटिन क्रियापदातून हा शब्द आला, त्याचा अर्थ मोठ्यानं वाचून दाखवणं. जाहीर कार्यक्रमात कागदाशिवाय वाजवण्याची चाल रूढ करण्यात लिस्तइतकाच क्लारा वीक या पियानोवादिकेचाही वाटा आहे. १८३७ मध्ये, सतराव्या वर्षी, तिनं बर्लिनमध्ये बेथोवेनची सोनाटा पाठ वाजवली, तेव्हा तो आगाऊपणा वाटल्याची टीकाही झाली. उलट स्व्यातोस्लाव रिख्टरसारखा दिग्गज वादक उतारवयात अंधाऱ्या सभागृहात एकच दिवा लावून, समोर स्वरलिपी ठेवून वाजवत असे. ती रिसायटल्स कुणी कमअस्सल मानली नाहीत. आणि जागा लहानच हवी, तर लिस्तनं १८४२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सुमारे ३००० श्रोत्यांसमोर एकट्यानं वाजवलं, त्याला काय म्हणायचं?

एवढं सैल असेल तर सरळ कॉन्सर्टच का म्हणू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण कॉन्सर्ट हा शब्द वाद्यवृंदापासून रॉकपर्यंत कशालाही चालतो. मैफल कोणाची आहे, हे तो सांगत नाही. ते रिसायटल सांगतो. ख्याल गाणारी गायिका राग निवडते, लय ठरवते, भैरवीपर्यंतचा पल्ला स्वतः आखते, म्हणून ‘व्होकल रिसायटल’ हा प्रयोग बिनचूक आहे. चूक होते ती पुढे. रिसायटल म्हणजे एकट्याचं, असं धरून पत्रिकेवर मुख्य कलावंताचं नाव ठळक येतं आणि साथीदारांची नावं बारीक अक्षरांत जातात किंवा गळतात. शब्दाचा अर्थ तशी मुभा देत नाही. तबला, पेटी, तानपुरा, लेहरा यांपैकी ज्या कुणी जे सांभाळलं, त्यांची नावं आयोजकांनी पत्रिकेच्या दर्शनी पानावर, वाचता येतील अशा अक्षरांत छापावीत.