देवकुंडची वाट: ऊन असताना पाणी का वाढतं?

पाऊस सुरू झाला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो: "दादा, या वीकेंडला देवकुंड करू का?" आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो. ट्रेनमध्ये ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हे लिहूनही ठेवलंय.

देवकुंड रायगड जिल्ह्यात, भिऱ्याजवळ. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरला की अडीच-तीन तासांत पोचता. पुढे एका बाजूने साधारण पाच-सहा किलोमीटर चाल. सुरुवातीला भिरा धरणाचं पाणी सोबत असतं, मग गर्द झाडी लागते. वाट सावलीची, चढ फारसा नाही, मध्ये ओढे ओलांडायचे आणि शेवटी कड्यावरून कुंडात कोसळणारं पाणी. नवख्यालाही जमते. गडबड इथेच होते, कारण वाट सोपी असली की माणूस पाण्यालाही सोपं समजतो.

आता गणित. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर ५,००० च्या पुढे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे एक चौरस किलोमीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर झाले पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर!

जमीन हे पाणी पिते ना? जूनमध्ये, हो. माती म्हणजे आपल्या भाषेत बफर. पण सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, वर मातीचा थर पातळ. जुलैच्या मध्यापर्यंत बफर फुल्ल होतो. त्यानंतर पडलेला बराचसा पाऊस थेट उतारावरून ओढ्यात येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात घोट्याएवढ्या पाण्याचं कमरेएवढं होऊ शकतं.

आणि सावली? तीच तर चकवते. झाडीमुळे आभाळ दिसत नाही. घाटमाथ्यावर काळंकुट्ट झालेलं असतं आणि आपण खाली सेल्फी काढत असतो. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे नोटिफिकेशनही नाही. त्यात परतीच्या वाटेवरचे ओढे तेच पाणी घेऊन वाहतात. म्हणजे कुंडापाशी सुखरूप असूनही अडकता.

मागे एकदा आमच्या वाटाड्या काकांनी ओढ्यात हात घालून पाणी बघितलं आणि म्हणाले, "पाण्याला मातीचा रंग आलाय, मागं फिरा." डोक्यावर तेव्हा ऊन होतं. आम्ही फिरलो. कुंड राहिलं, पण ती खूण कायमची लक्षात राहिली.

तुम्हीही लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज खर्जात गेला, तर लगेच काठ सोडून उंचावर जा. ओढा ओलांडू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो; हात धरून साखळी केली तरी तो आवरत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. असे ओढे लहान असतात, पाऊस थांबला की बहुतेकदा काही तासांत उतरतात. तेवढं थांबायचं. ऑफिसला सोमवारी उशीर झाला तर झाला.

निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघताना 'पुणे शहर' बघू नका. 'पुणे घाटमाथा' आणि 'रायगड' बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. पावसाळ्यात प्रशासन कलम १६३ खाली इथे बंदीही घालतं. ती असेल तर आडवाटेने घुसू नका. तुम्हाला शोधायला गावातलीच पोरं त्या पाण्यात उतरतात.

मग जायचं कधी? ऑक्टोबर ते डिसेंबर. धबधबा वाहता असतो, पाणी नितळ, सावली तीच. गावातला वाटाड्या घ्या, जेवण गावातच सांगा, प्लास्टिक परत आणा.

तर इनबॉक्समधल्या प्रश्नाचं उत्तर: या वीकेंडला नको, दिवाळीनंतर नक्की. ग्रुपमधल्या त्या एका उतावळ्या मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!