वहीत न लिहिलेला खर्च

आमचे काका बार्शी तालुक्यातले. थोडी कोरडवाहू जमीन आणि गोठ्यात तीन जनावरे. दुधाचा हिशेब ते शाळेच्या वहीत लिहितात. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च; पेंड, कडबा, डॉक्टर, सगळे पै-पैशाने. परवा ती वही चाळताना एक पान अर्ध्यावरच कोरे सोडलेले दिसले. विचारले, तर काका म्हणाले, ‘‘त्या दिवशी गाय गेली.’’

झाले होते असे. ज्वारी काढून झाली होती. अवकाळी पाऊस पडला आणि रानातल्या धसकटांना पोपटी फुटवे आले. ऐन उन्हाळ्यात हिरवे दिसले की कुणालाही मोह होतो. काकांनी सकाळची वैरण वाचवली आणि उपाशी गाय रानात सोडली. थोड्याच वेळात ती धापा टाकू लागली, तोंडाला फेस आला, ती कोसळली. गुरांचे डॉक्टर पोचेपर्यंत सारे संपले होते.

गावाकडे याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. कोवळ्या ज्वारीतल्या एका द्रव्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने वेळेत मिळाली तर जनावर वाचू शकते. पण हाताशी वेळ फारच थोडा असतो.

आम्ही दोघे हिशेबाला बसलो. गाईची किंमत ६० हजार. रोजचे ८ लिटर दूध, ३० रुपये भावाने २४० रुपये. अजून सहा महिने ती दुधात राहिली असती, म्हणजे ४३ हजार. निम्मे वैरण-पेंडीत गेले असे धरले तरी २१ हजार उरले असते. एका वेळच्या वाचवलेल्या वैरणीपायी ८० हजारांचा खड्डा!

किराळ निदान लगेच दिसते. घाणेरीचे विष सावकाश चढते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आपल्या देशात आणलेले हे झुडूप आज माळामाळावर पसरले आहे. त्याच्या पानांनी जनावराचे यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. गाजरगवत चारा मारते, आणि ते खाणाऱ्या गाईचे दूध कडू होते. दूध आटते, भाव पडतो, तरी वहीत ‘विषारी झाडे’ असा रकाना कुठेच नसतो.

खरे तर जनावर शहाणे असते. पोट भरलेले असेल तर ते घाणेरीला सहसा तोंड लावत नाही. त्याला तिकडे नेते ती भूक, आणि भूक येते ती गायरान आटल्यामुळे.

काका आता जनावर सोडण्याआधी वाळला कडबा घालतात. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी कापत नाहीत. वहीच्या पुढच्या पानावर पहिली नोंद आहे : कडबा, शंभर पेंढ्या.