निसटलेल्यांची मोजदाद

अलास्कातल्या ब्रिस्टल बेला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी उन्हाळ्यात मचाणं उभी असतात. मचाणावर एक माणूस, खाली पाण्यात सॉकआय सॅमनची रांग. तासातली दहा मिनिटं तो हातातलं मोजणीयंत्र दाबत मासे मोजतो, मग दुसऱ्या काठावर आणखी दहा. प्रत्येक आकड्याला सहाने गुणलं की त्या तासाचा हिशेब झाला. रात्रंदिवस हेच. लाखो मासे अंगठ्यावर मोजतात हे कळल्यावर मला आधी हसूच आलं होतं. पण सॅमनही सोयीचा: मधल्या धारेशी झुंजण्यापेक्षा तो काठाकाठाने, उथळ पाण्यातून वर चढतो.

ही मोजणी जाळ्यात सापडलेल्यांची नाही, जाळी चुकवून अंडी घालायला वर गेलेल्यांची. तिथे त्यांना ‘एस्केपमेंट’ म्हणतात, म्हणजे निसटलेले. नदीसाठी ठरवलेलं लक्ष्यही त्यांचंच. क्विचॅक नदीचं आहे २० लाख ते १ कोटी. मोजणी मागे पडली तर खाली मासेमारी थांबवतात, भराभर वाढली तर होड्यांना जास्त वेळ मोकळीक. शेतकरी आधी बियाणं बाजूला काढतो, तसंच.

पण मग वरची मर्यादा कशाला? जातील तेवढे जाऊ द्यावेत की! गंमत इथेच आहे. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून दोन-चार हजार अंडी पुरते. माद्या फार झाल्या की उशिरा आलेली आधीच्या मादीचाच खळगा उकरते आणि पहिलीची अंडी वाहून जातात. जगलेली पिल्लं वर्ष-दोन वर्षं तळ्यात काढतात. तिथे खाणारी तोंडं वाढली की सगळीच खुरटतात. आईबाप जास्त, तरी पोरं कमी! कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ बिल रिकर यांनी १९५४ मध्ये हे एका वक्ररेषेत मांडलं: चढते, माथा गाठते, मग उतरते. मासेमारीला सोयीची जागा माथ्याच्या जरा अलीकडे असते, जिथे आईबापांची संख्या वजा करूनही सर्वाधिक मासे उरतात.

फक्त ही रेषा काढणं हे चिकाटीचं काम. पोरं समुद्रातून परतायला चार ते सहा वर्षं लागतात, तेव्हा कुठे एक ठिपका मिळतो. म्हणून लक्ष्य म्हणजे एक आकडा नसतो, ऐसपैस पट्टा असतो.

२०२२ साली ब्रिस्टल बेत सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकआय परतले. ६ कोटी जाळ्यात गेले, बाकीचे निसटले.