पाण्याच्या बळावर चालणारा तारामासा

तारामासा हा कंटकचर्मी प्राणिसंघातला, फक्त समुद्रात राहणारा प्राणी. मध्यभागी एक चकती, तिच्यापासून फुटलेले बहुधा पाच बाहू, खालच्या बाजूला तोंड आणि कातडीखाली चुनखडीच्या लहान लहान तुकड्यांचा सांगाडा, अशी त्याची ठेवण असते. जगात त्याच्या सुमारे १,९०० प्रजाती ज्ञात आहेत. सी-अर्चिन, समुद्रकाकडी आणि ब्रिटल स्टार हे त्याचे भाऊबंद. मोरोक्कोतील सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेला ‘कॅन्टाब्रिजिअ‍ॅस्टर’ हा तारामाशासारख्या प्राण्याचा सर्वांत जुना ज्ञात जीवाश्म आहे. म्हणजे डायनोसॉर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा आकार समुद्रतळावर वावरतो आहे.

पाच बाहूंचा हा आकार जन्मापासून नसतो. अंड्यातून बाहेर पडणारी अळी पारदर्शक असते, पाण्यात तरंगते आणि माणसासारखीच तिला डावी-उजवी बाजू असते. काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत गेल्यावर ती तळाशी टेकते आणि तिच्या शरीराच्या डाव्या भागातून पाच बाजूंचा नवा प्राणी घडू लागतो. या प्राण्याचे डोके कुठे, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ सतावत होता. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे अनपेक्षित उत्तर दिले. इतर प्राण्यांत डोके घडवणारी जनुके तारामाशाच्या सगळ्या बाहूंत कार्यरत दिसली, तर धड घडवणारी जनुके त्याच्या बाह्य आवरणात जवळजवळ कुठेच आढळली नाहीत. तारामासा म्हणजे, जनुकांच्या भाषेत, तळावर सरकणारे एक डोकेच. गंमत अशी की या डोक्यात मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे असते आणि त्यातून प्रत्येक बाहूत एकेक मज्जारज्जू जातो. बाहूच्या टोकाला मात्र साधा डोळा असतो. निळ्या लिंकिया तारामाशावर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की प्रवाळापासून थोडे दूर नेऊन ठेवलेला तारामासा या डोळ्यांच्या मदतीने पुन्हा प्रवाळाची वाट धरतो. डोळे काढून टाकले, की तो दिशाहीन भटकतो.

या शरीराचे खरे आश्चर्य त्याच्या आतल्या पाण्यात आहे. तारामाशाला रक्ताभिसरणासाठी हृदय नाही. पाठीवर, चकतीच्या एका कडेला, बारीक छिद्रांची एक गोल पट्टिका असते. तिच्यातून समुद्राचे पाणी आत येते, तोंडाभोवतीच्या वर्तुळाकार नळीत जाते आणि तिथून प्रत्येक बाहूतल्या नळीत पसरते. या नळीच्या दोन्ही अंगांना शेकडो नलिकापाद, म्हणजे नळीसारखे पाय, असतात. प्रत्येक नलिकापादाच्या वर पाण्याची एक छोटी पिशवी असते. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबावा तशी ही पिशवी आकुंचन पावते, पाणी खाली जाते आणि पाय लांब होतो. पायातले स्नायू आखडले, की पाणी परत वर चढते. पाय खडकाला धरतो तो मुख्यतः चिकट स्रावामुळे, आणि सुटताना दुसरा स्राव तो चिकटपणा मोडतो. जुन्या पुस्तकांत फक्त चूषणाचा उल्लेख असे. ते वर्णन आता अपुरे ठरले आहे. शेकडो पाय आपापल्या परीने पुढे-मागे होत राहतात आणि त्यांच्या एकत्रित ओढीने प्राणी सरकतो.

याच रचनेमुळे तारामासा समुद्राशी कायमचा बांधला गेला आहे. शरीरातले द्रव आणि बाहेरचे पाणी यांच्या क्षारतेत फार फरक राखण्याची व्यवस्था त्याच्याकडे नाही. गोड्या पाण्यात राहणारी तारामाशाची एकही प्रजाती नाही, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा लोंढा येतो तेव्हा तिथली जागा त्याच्यासाठी जिकिरीची होते.

समुद्रापासून दूर, बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरच्या विद्यार्थ्याला तारामासा भेटतो तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या प्रकरणात. सुलतानपूर लोणार तालुक्यात आहे, आणि त्या तालुक्यात एक खारे सरोवर आहे. मग तिथे तारामासा का नसावा, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारला जावा, कारण त्याचे उत्तर दोन शास्त्रांना जोडते. लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात साठले आहे. त्याचे पाणी खारे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते अतिशय अल्कधर्मी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर असतो, तर लोणारचा दहाच्या आसपास. क्षारांचे प्रमाण आणि मिश्रणही समुद्राहून वेगळे आहे. अशा पाण्यात तग धरतात ते खास सूक्ष्मजीव. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीनुसार क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच. बाहेरचे पाणी थेट अंगात खेळवणाऱ्या तारामाशाला ते मानवणारे नाही. शिवाय तो तिथे पोहोचणार तरी कसा? त्याची अळी समुद्रप्रवाहावर स्वार होऊनच पसरते, आणि लोणारचा समुद्राशी कधीच संबंध नव्हता.

सुलतानपूरच्या जमिनीखालीही तारामाशाचा अवशेष मिळणार नाही. तिथला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिलेल्या लाव्हाचा आहे, समुद्रतळाचा नव्हे. पण लाव्हा येण्यापूर्वी, सुमारे नऊ कोटी वर्षांमागे, पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ येथे त्या समुद्राने चुनखडीचे थर मागे ठेवले, आणि त्या थरांत सी-अर्चिनचे जीवाश्म सापडतात. तारामाशाच्या संघातला प्राणी एके काळी देशाच्या इतक्या आतवर राहत होता, याचा हा भरभक्कम पुरावा आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत तारामासा पाहायचा तर ओहोटीची वेळ साधावी लागते. मुंबई आणि कोकणातल्या पुळणीवर बहुधा दिसतो तो अ‍ॅस्ट्रोपेक्टेन वंशातला वाळूतला तारामासा. रंग वाळूशी मिळताजुळता, बाहूंच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारखे काटे. हा खडकावर चढत नाही. त्याचे नलिकापाद टोकदार असतात, त्यांना टोकाशी चकती नसते, आणि ते वाळू उकरून आत शिरण्यासाठीच घडलेले असतात. ओहोटीत पाणी हटल्यावर ओल्या वाळूवर ताऱ्याचा पुसट ठसा दिसला, तर त्याच्याखाली बोटभर खोलीवर तो दडलेला असण्याची शक्यता असते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने महानगराच्या किनाऱ्यांवरच्या अशा प्राण्यांच्या नोंदी ठेवायला आणि लोकांना ते प्रत्यक्ष दाखवायला सुरुवात केली. ज्या किनाऱ्यांकडे लोक केवळ कचरा आणि गर्दी म्हणून पाहतात, तिथे इतके जीवन आहे हे दाखवून देणारे हे काम मोलाचे आहे.

वाळूतला तारामासा लहान शंख-शिंपले अख्खे गिळतो. त्याला गुदद्वार नसते, त्यामुळे मांस पचले की रिकामे शिंपले तोंडावाटेच बाहेर टाकतो. खडकावरच्या अनेक तारामाशांची रीत निराळी. तिसरी किंवा कालव यांसारख्या दोन शिंपांच्या प्राण्याला ते बाहूंनी कवटाळतात आणि न थकता ओढत राहतात. भक्ष्याचा स्नायू दमला आणि शिंपांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी फट पडली, तरी पुरे. तारामासा आपले जठर तोंडातून बाहेर काढतो, त्या फटीतून आत सरकवतो आणि भक्ष्य त्याच्याच घरात पचवतो. शांत, शोभेच्या दिसणाऱ्या या प्राण्याचे खरे रूप शिकाऱ्याचे आहे.

या शिकारीने पर्यावरणशास्त्राला एक पायाभूत संकल्पना दिली. १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने पिसास्टर जातीचे तारामासे एका पट्ट्यातून पहारीने उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे गेले तसे शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनी खडक व्यापायला सुरुवात केली आणि इतरांना जागाच उरली नाही. १९६६ च्या निबंधात पेन यांनी नोंदवले, की तिथल्या १५ प्रजातींपैकी ८ च शिल्लक राहिल्या. एका शिकाऱ्याच्या अस्तित्वावर साऱ्या वस्तीची विविधता अवलंबून असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले, आणि १९६९ मध्ये त्यांनी अशा प्राण्यासाठी ‘कळीची प्रजाती’ ही संज्ञा वापरली. वाघ, हत्ती, समुद्री ऊदमांजर यांच्याविषयी आज ती सर्रास वापरली जाते. हा निष्कर्ष कोकणाच्या पुळणीला मात्र जसाच्या तसा लावू नये. वाळूत लपून शंख गिळणारा तारामासा आणि खडकावरचा शिनाण्यांचा थर आटोक्यात ठेवणारा तारामासा यांची कामे वेगळी आहेत.

उलट उदाहरणही आहे. काटेरी मुकुट म्हणून ओळखला जाणारा, वीसपर्यंत बाहू असणारा अ‍ॅकँथास्टर प्रवाळ खातो. लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रातही तो आहे. त्याची मादी कोट्यवधी अंडी सोडते. त्यांतल्या अधिक अळ्या जगल्या, की अ‍ॅकँथास्टरचे लोंढे येतात आणि मागे प्रवाळाचा पांढरा सांगाडा तेवढा राहतो. तारामासा ‘चांगला’ की ‘वाईट’ हा प्रश्न निसर्गात निरर्थक आहे. ते किती आहेत आणि कुठे आहेत, यावर सारे ठरते.

तुटलेला बाहू पुन्हा उगवतो, ही तारामाशाची सर्वांत प्रसिद्ध ख्याती. प्रत्येक बाहूत पाचक ग्रंथी आणि जननग्रंथी असतात, त्यामुळे एक बाहू गेला तरी प्राण्याचे फारसे अडत नाही. पण तुटक्या बाहूपासून अख्खा प्राणी बनतो, हे सरसकट खरे नाही. बहुतेक प्रजातींत त्यासाठी चकतीचा काही भाग बाहूबरोबर यावा लागतो. लिंकियासारख्या मोजक्याच तारामाशांना केवळ एका बाहूतून पूर्ण शरीर घडवता येते.

वैद्यकशास्त्रावरही या प्राण्याचे ऋण आहे. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात, हा रोगप्रतिकारशास्त्रातला मूलभूत विचार तिथून पुढे आला. त्यासाठी मेचनिकॉव यांना पॉल एर्लिच यांच्यासह १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामासे मोठ्या संख्येने मरू लागले. अंगावर व्रण पडत, बाहू गळत आणि काही दिवसांत प्राणी विरघळल्यासारखा होई. सूर्यफूल तारामाशाची ९० टक्क्यांहून अधिक संख्या नष्ट झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. तो सी-अर्चिन खात असे. तो गेल्यावर सी-अर्चिन वाढले आणि त्यांनी समुद्री शैवालांची मोठी जंगले फस्त केली. या रोगाच्या मुळाशी व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जीवाणू आहे, असे ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. कॉलऱ्याचा जीवाणूही याच व्हिब्रिओ वंशातला.

कथा आणि चित्रांत मात्र तारामासा वेगळ्याच रूपांत वावरतो. अमेरिकी कॉमिक्समध्ये १९६० साली स्टारो नावाचा अवकाशातून आलेला राक्षसी तारामासा अवतरला. १९९९ पासूनच्या ‘स्पाँजबॉब’ मालिकेतला पॅट्रिक भाबडा आणि मंदबुद्धी आहे. २००६ मधल्या व्यवस्थापनावरच्या एका पुस्तकाने केंद्र नसलेल्या संघटनेचे प्रतीक म्हणून तारामासा निवडला. डोके छाटून न मरणारी संघटना हा त्यातला विचार आकर्षक आहे, पण प्राणी पाहता उपमा अर्धीच बसते. मज्जातंतूंचे कडे चकतीत असते, आणि बहुतेक तारामासे चकतीवाचून जगत नाहीत.

सर्वांत अधिक फिरलेली कथा किनाऱ्यावरच्या तारामाशांची. वादळाने हजारो तारामासे वाळूवर आणून टाकले आहेत आणि एक जण त्यांना एकेक करून समुद्रात टाकतो आहे. एवढ्या हजारांत याने काय फरक पडणार, असे कुणी विचारते, आणि हातातल्या एकाला तरी फरक पडला, असे उत्तर मिळते. मराठी शाळांच्या परिपाठापासून सामाजिक संस्थांच्या भाषणांपर्यंत ही कथा सांगितली जाते, बहुधा लेखकाच्या नावाशिवाय. तिचे मूळ लॉरेन आयझली या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाच्या ‘द स्टार थ्रोअर’ या निबंधात आहे. तो १९६९ च्या ‘द अनएक्स्पेक्टेड युनिव्हर्स’ या संग्रहात आला. मूळ लेखन बरेच गडद आहे. त्यात किनाऱ्यावर शंख गोळा करणारे लोक जिवंत प्राणी उकळत्या पाण्यात टाकतात, आणि निवेदक सुरुवातीला त्या फेकणाऱ्या माणसापासून दूर निघून जातो. आपल्या उत्क्रांतीच्या अभ्यासाने दिलेले निराश तत्त्वज्ञान आणि दया यांचा झगडा पार केल्यावरच तो परत येऊन त्याच्यासोबत तारामासे फेकू लागतो. प्रचलित कथेतले ते चटपटीत उत्तर मूळ निबंधात नाही. झगडा गाळून उत्तर तेवढे ठेवल्याने कथा सोपी झाली, पण तिचे वजन कमी झाले.

कथेतला प्रसंग जीवशास्त्राला धरून आहे. वादळी लाटांनी उथळ तळावरचे तारामासे वाळूवर फेकले जाणे, हे जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे. कोकणात रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढले जाते तेव्हाही मासळीबरोबर तारामासे वाळूवर येतात आणि मासळी निवडून झाल्यावर तिथेच राहतात. हवेत तारामाशाचे पाय आणि श्वसनाच्या नाजूक पिशव्या कोरड्या पडतात आणि उन्हात तो लवकर मरतो. उलटा केल्यावर नलिकापाद हलताना दिसले तर तो जिवंत असतो. अशाला ओल्या हाताने उचलून, बाहू न ओढता, पाण्याखालच्या वाळूवर ठेवले तर तो स्वतःच पायांनी वाळू उकरून खाली जातो.